कुंदाताईंचा मधला खण

समाजमंदिराच्या भिंतीवर त्या दुपारी जी लाल ओळ उमटली, ती मी लिहिलेली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. कुंदाताईंकडून काहीतरी राहून गेलं असं सगळ्यांनी धरलं आणि मी ते तसंच धरू दिलं. आता माझी पन्नाशी उलटली आहे आणि कुंदाताई राहिलेल्या नाहीत. त्या कशा होत्या हे नीट लिहावं आणि लिहिताना ती दुपार वगळू नये, एवढंच ठरवून बसलो आहे.

कुंदा पाटील आमच्याकडे आल्या तेव्हा आमची कंपनी पनवेलच्या एस.टी. स्टँडमागे होती. खाली मिठाईचं दुकान, वर आम्ही सात-आठ जण. दोन हजार दहानंतरची ती वर्षं. हातोहाती टचचे फोन येत होते आणि जो तो ‘आम्हाला एक ॲप करून द्या’ म्हणत यायचा. पतपेढी असो, क्लास असो की रोपवाटिका, सगळ्यांचं ॲप शेवटी एक फॉर्मच निघायचं. नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल आणि खाली ‘जमा करा’चं बटण. कुंदाताईंचं त्याआधी उरण नाक्यावर टायपिंगचं दुकान होतं. ते बंद पडलं म्हणून त्या मराठी मजकूर टाइप करायला आमच्याकडे आल्या आणि वर्षभरात फॉर्मचे सगळे स्क्रीन बांधू लागल्या. काम मी शिकवलं. म्हणजे पहिले पंधरा दिवस मी शिकवलं, पुढचं त्यांनी मला शिकवलं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

त्यांची एक सवय पहिल्याच आठवड्यात माझ्या नजरेत भरली. फॉर्म बांधण्याआधी त्या समोर एक खुर्ची ओढायच्या, हाताला लागेल त्या माणसाला तिथं बसवायच्या आणि फॉर्मचे प्रश्न त्याला तोंडी विचारायच्या. एकदा खालच्या दुकानातला शेखभाई चहा घेऊन आला तर त्यालाच बसवलं.

“आडनाव?”

“शेख.”

“मोबाइल नंबर?”

शेखभाई थबकला. “कशाला पाहिजे, ताई?”

कुंदाताई माझ्याकडे वळल्या. “बघा. माणूस आत्ता कुठे ओटीवर आलाय. आधी त्याला पाणी विचारा, टेकू द्या. आल्या आल्या नंबर काय मागता? हा खण खाली घ्या.”

टेक्स्टबॉक्सला त्या ‘खण’ म्हणायच्या. मी त्यांना दहा वेळा सुधारलं असेल. शेवटी ऑफिसात सगळेच खण म्हणू लागले, मीही.

चुकलेल्या खणाखाली जी लाल ओळ येते, तिची भाषाही त्यांनी स्वतःची केली होती. आम्ही सगळे ‘हे भरणे आवश्यक आहे’ असं लिहायचो. त्या लिहायच्या, ‘हे राहिलंय का?’ मी म्हटलं, जरा पोरकट वाटतं. त्या म्हणाल्या, “देवधर सर, तुम्ही कधी कचेरीच्या खिडकीवरून परत आलेला नाहीत म्हणून तुम्हाला ‘आवश्यक’ बरं वाटतं.”

बटण केवढं असावं याचं त्यांचं माप म्हणजे त्यांच्या आईचा अंगठा. आईचा जन्म मिठागरात गेला होता. मिठानं अंगठा इतका चिरला होता की कधी कधी फोनला तो लागतच नसे. दर शनिवारी कुंदाताई फोन घरी न्यायच्या आणि सोमवारी निकाल घेऊन यायच्या. “हे बटण आईला पुरलं नाही. शेजारचं दाबलं गेलं आणि सगळं पुसलं. तिनं मला शिव्या घातल्या, त्या तुम्हाला पोचवायच्यात.” जन्मतारखेचा खण उघडला की आजची तारीख दिसायची आणि तिथून महिना महिना मागं सरकवत जावं लागायचं. त्यावर त्यांनी माझी पुरती शोभा केली. “सत्तरीच्या बाईला जन्मापर्यंत ढकलत नेता होय? वाटेतच मरायची ती. साल टाइप करू द्या की.”

सगळं त्यांचंच बरोबर असे, असं मात्र नव्हतं. ड्रॉपडाउनचा त्यांना भारी राग. लपवून ठेवलेली यादी म्हणजे फसवणूक, असं त्यांचं मत. एकदा त्यांनी तालुक्यातली गावंच्या गावं गोल रेडिओ बटणं करून एकाखाली एक लावली. खालचं बटण गाठेपर्यंत अंगठा दुखायचा. मी हसलो, पोरं हसली. दोन दिवस बाई कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाल्या, “बरं, ड्रॉपडाउन घाला. एवढी एक चूक मी मोठ्या मनानं कबूल करते. सारखी सारखी करणार नाही.” त्या दिवशी डब्यात सुकटीची चटणी होती. आधी मला वाढली.

ऑफिसात त्या आमच्यासारखंच बोलायच्या. आईचा फोन आला की आवाज बदलायचा. “नाय गो, आमी आजून हापिसानच हाय. तू जेव.” फोन ठेवला की पुन्हा ‘आम्ही’ आणि ‘नाही’. मला त्याची गंमत वाटायची. त्यांच्या घरची हकीकत कळली, ती त्यांचे नोकरीचे कागद भरताना. पूर्ण नावापुढे त्यांनी ‘कुंदा पाटील’ एवढंच लिहिलं होतं.

“मधे काय लिहू?” मी विचारलं.

“काही नाही.”

“मिस्टरांचं नाही, तर वडिलांचं तरी.”

“साहेब, नवऱ्यानं मारलं आणि बापानं परत पाठवलं. दोघांतला कोणता घालू, सांगा.”

मग त्यांनी सांगितलं. गाव रोडपालीच्या अलीकडे, खाडीला लागून. माहेर पाटील, सासरही पाटील, त्यामुळे आडनावाचं भांडणच नव्हतं, जे होतं ते मधल्या नावाचं. मार असह्य झाला तेव्हा त्या माहेरी आल्या. गावकी बसली, समाजमंदिरात. नवरा बसला होता, नामदेव त्याचं नाव. वडील पंचांच्या बाजूनं सतरंजीवर बसले आणि म्हणाले, पोरीनं परत जावं. कुंदाताई तेव्हा पंचविशीच्या. उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्या गावासमोर म्हणाल्या, “आजपासून या दोघांचं नाव माझ्या नावात नाय.” एवढं बोलून बाहेर पडल्या. मागोमाग आई उठली. मायलेकींनी गावाच्या टोकाला एक खोली केली, धाकटा भाऊ वडिलांकडेच राहिला. वडील मरेपर्यंत बोलले नाहीत.

तो शब्द त्यांनी पाळला होता. बँकेत, वीज कार्यालयात, जिथं जिथं मधलं नाव मागत, तिथून त्या परत यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायच्या. कुठं साहेब दमायचा, कुठं अर्ज पडून राहायचा. स्वतःचं दुकान काढलं त्यामागंही हेच होतं, असं एकदा म्हणाल्या. दुसऱ्यांचे फॉर्म भरता भरता कळायचं की कोणत्या खणाला बाई अडते. ऑफिसात यावर त्या विनोदही करायच्या. “माझा मधला खण रिकामा आहे, पण भाड्यानं द्यायचा नाही.” आम्ही हसायचो. त्या हसत नसत, हे मला आता आठवतं.

मग ट्रस्टचं काम आलं. आसपासच्या गावांतल्या बायकांना रुग्णसेवेचं प्रशिक्षण द्यायचं, नोंदणी फोनवरून घ्यायची. कुंदाताईंनी त्या फॉर्मला जीव लावला. ज्या बायका तो भरणार होत्या, त्यांना त्या चेहऱ्यानं ओळखत होत्या. नाव आणि आडनाव भरावंच लागे. मधल्या खणात फिकट अक्षरांत लिहिलं होतं, ‘लिहायचं असल्यास’. आणि खाली एक वेगळा खण, ‘गावात तुम्हाला काय म्हणून ओळखतात?’ चाचणीत आईनं त्यात बोलून भरलं, ‘खारी पाटलीण’. कुंदाताई दिवसभर हसत होत्या.

सादरीकरण त्यांच्याच गावात ठरलं, त्याच समाजमंदिरात. ट्रस्टनंच ठरवलं होतं, मोठी जागा म्हणून. मी त्यांना विचारलं, चालेल ना? त्या म्हणाल्या, “चालेल की. त्या दिवशी उठून गेले, आता बसून दाखवते.” आपलंच नाव भरून दाखवायचं हेही त्यांनीच ठरवलं. कुंदा, मग रिकामा खण, मग पाटील, आणि पुढच्या स्क्रीनवर ‘नोंद झाली’. गावासमोर, भिंतीएवढ्या अक्षरांत. असं का, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसांत त्या चहा घेऊन खिडकीशी उभ्या राहायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. त्यांना काय हवं होतं ते मला समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर हे लिहावं लागलं नसतं.

आदल्या दिवशी त्या सतरंज्या आणि पडद्याची व्यवस्था बघायला दुपारीच गावात गेल्या. मागं ट्रस्टच्या सचिवांचा मला फोन आला. निवृत्त गृहस्थ, बोलणं मुद्द्याचं. “देवधर, या पट्ट्यात घराघरात पाटील आणि दर दोन घरांत एक कुंदा. मधलं नाव सक्तीचं करा, नाहीतर आम्ही ओळखायचं कुणाला?” मुद्दा खोटा नव्हता. त्यासाठीच कुंदाताईंनी तो खालचा खण घातला होता, एवढं मी सांगू शकलो असतो. मी म्हणालो, “करतो.” आणि केलं. मिनिटाचं काम. खणापुढे लाल तारा, आणि रिकामा सोडला तर खाली ओळ: ‘वडिलांचे / पतीचे नाव भरणे आवश्यक आहे’.

त्यांना फोन केला नाही. का, याची उत्तरं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. त्या भांडल्या असत्या. वेळ नव्हता. नमुन्याचीच तर नोंद, कायतरी टाकतील आणि पुढे जातील. यातलं खरं एवढंच की तो फॉर्म पुरता त्यांचा झाला होता आणि एकदा तरी त्यातलं काही मला त्यांना न विचारता ठरवायचं होतं.

समाजमंदिर भरलं होतं. पुढे सतरंजीवर बायका, मागं भिंतीला टेकून पुरुष. सासरची दोन-तीन माणसंही होती, मला नंतर कळलं. कुंदाताई नवी हिरवी साडी नेसून आल्या होत्या. फोन हातात, मागं भिंतीवर त्याचंच मोठं चित्र. त्यांनी बायकांना त्यांच्याच बोलीत समजावलं. “काय घाबरायचं नाय. चुकलं तर तो सोताच सांगतो.” नाव भरलं. आडनाव भरलं. ‘पुढे’ दाबलं.

भिंतीवर लाल ओळ उमटली.

त्यांनी पुन्हा दाबलं. तेच. मग मागं वळून भिंतीवरची अक्षरं वाचली. सभेत जरा हसणं झालं, वाईट हेतूचं नव्हे, यंत्र अडलं की होतं तसं. पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, “कुंदे, मधलं राहिलं गो तुजं.” आणि मागून एका पुरुषाचा आवाज आला, “लिव ना, नामदेव. लाजतंस कशाला?”

आता हसणं वेगळं झालं.

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो. शेजारी ट्रस्टचे सचिव. ‘थांबा, ती माझी चूक आहे’, एवढं म्हणायला किती वेळ लागतो. मी माइक घेतला आणि म्हणालो, “ताई, तुमच्याकडून एक खण राहिला वाटतं. भरून टाका.”

त्यांनी भरला. हळूहळू, एकेक अक्षर. भिंतीवर ‘नामदेव’ उमटत गेलं आणि त्याखाली ‘नोंद झाली’. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मनापासूनच्या होत्या. गावची पोर फोनमधून भिंतीवर लिहिते, याच्या. सचिवांनी माझा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. डबा ठेवला, माझ्या टेबलापाशी आल्या.

“ती ओळ माझ्या हातची नव्हती,” त्या म्हणाल्या. “मी ‘आवश्यक’ लिहीत नाही.”

“ट्रस्टचा आग्रह होता,” मी म्हणालो.

“असेल. एक फोन करायचात. मी भांडले असते, शिव्या दिल्या असत्या. पण दुसऱ्या कुणाला बसवलं असतं फोन घेऊन.”

मी समोरचे कागद सरळ केले.

“मागून त्या माणसानं नाव घेतलं, ते कानातून थेट बोटात गेलं. मला दुसरं काहीच सुचेना. तुमच्याकडे बघितलं होतं मी.”

मी तेव्हाही माफी मागितली नाही. ‘नमुन्याची नोंद आहे, पुसून टाकू’ असं काहीतरी बोललो. त्या हं म्हणाल्या आणि जागेवर गेल्या. ती नोंद मी त्याच दिवशी पुसली. पुढे गावोगावच्या बायका त्या खणाशी अडू लागल्या, नोंदणी होईना, तेव्हा सचिवांना सांगून तारा मीच काढला. त्यांनी कारणही विचारलं नाही. इतकं ते सोपं होतं.

त्यानंतर कुंदाताईंनी समोर खुर्ची ओढली नाही. दिलेला फॉर्म दिल्यासारखा बांधायच्या. लाल ओळीत ‘आवश्यक आहे’ लिहायच्या. चुका होत नव्हत्या. दिवाळीनंतर द्रोणागिरीला एका गोदामात नोंदी घेण्याचं काम मिळालं म्हणून त्या गेल्या. जाताना सगळ्यांना पेढे दिले, मलाही दिला. “येते सर,” म्हणाल्या. बाकी काही नाही. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

नंतर आमची भेट झाली नाही. कंपनी खारघरला हलली, मीही तिकडेच राहायला गेलो. काही वर्षांनी कामोठ्याहून येताना रोडपालीच्या नाक्यावर रिक्षा सिग्नलला थांबली आणि बाजूला फ्लेक्स दिसला. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो त्यांचा होता, कधीतरी ओळखपत्रासाठी काढलेला. खाली ठळक अक्षरांत नाव होतं: कै. कुंदा नामदेव पाटील.

मी घरी न जाता तसाच गावात गेलो. आई आधीच गेली होती. कुंदाताईंचा धाकटा भाऊ विठ्ठल घरी होता. आजार लवकर कळला नाही, म्हणाला. चहा आला. मी धीर करून विचारलं, “फ्लेक्सवर नाव... त्या मधे नाव लावत नसत ना?”

“नाय लावायची,” विठ्ठल म्हणाला. “आमी बी बसलो इचार करत, काय लिवायचं. मग काकी बोलली, तिनं सोताच्या हातानं लिवलंय समाजमंदिरात, सगल्या गावानं बगितलंय. म्हटलं, चला, राग गेला आसंल शेवटी. भावजींना बी बोलावलं दहाव्याला. आले व्हते.” कपात पाहत तो पुढं म्हणाला, “बरं झालं सर, तुमच्या त्या ॲपात लिवून गेली. नाय तर आमच्या जिवाला लागून राहिलं असतं.”

मी चहा संपवला. कप खाली ठेवला. भाऊ दारापर्यंत सोडायला आला. मी त्याला नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

त्याला समाधान मिळालं होतं, ते कशाला मोडायचं, असं मी रिक्षात स्वतःला समजावलं. अजूनही समजावतो. पण समाधान त्याचं होतं आणि नाव कुंदाताईंचं. त्यांचा राग गेला नव्हता. त्यांनी कुणाला माफ केलं नव्हतं. त्यांना एका माणसानं अडवलं आणि भर सभेत त्यांच्यावरच चूक ढकलली, तो माणूस मी.

हे विठ्ठलला सांगायचं बाकी आहे. त्या गावाला, त्याच समाजमंदिरात, उभं राहून सांगायचं बाकी आहे. आणि कुंदाताईंचं नाव, त्यांनी पंचविशीत सांगितलं होतं तसं, त्यांना परत करायचं माझ्यावर देणं आहे. खारघरहून तिथं जायला अर्धा तास लागतो. मी अजून गेलेलो नाही.